हरताळ, हंसपद आणि कायदा



ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त होणाऱ्या व्याख्यानात ग्रंथांची थोरवी गाइली जावी, वाचनाचे माहात्म्य सांगितले जावे, अशी श्रोत्यांची स्वाभाविक अपेक्षा असते. आजचा विषय मात्र ग्रंथाच्या थोरवीचा नाही. लिहिणाऱ्याच्या हातून होणाऱ्या चुकीचा आहे. तीही साध्या पुस्तकातील चूक नव्हे, तर कायद्याच्या मसुद्यातील. मसुदा कायदा होण्यापूर्वी त्यातील लेखनदोष कोणी दुरुस्त करावा, कसा करावा, आणि दुरुस्ती करणाऱ्याचा हात कोठे थांबावा, हे तीन प्रश्न वरवर पाहता कचेरीतील कारकुनाचे वाटतात. पण त्यांच्या उत्तरावर कोणाची सुटका होईल, कोणाच्या मुलाला दाखला मिळेल, हे ठरत असते. आणि या प्रश्नांचा विचार सुरू करायला छाणीइतके योग्य ठिकाण शोधून सापडणार नाही.

बडोद्याच्या उत्तरेस अहमदाबादच्या वाटेवर वसलेले छाणी हे पूर्वी स्वतंत्र गाव होते; आता शहर वाढत वाढत त्याच्याही पुढे गेले आहे. छायापुरी हे त्याचे जुने नाव आता जवळच्या रेल्वेस्थानकाने पुन्हा लोकांच्या तोंडी आणले आहे. भारतीय चित्रकलेच्या अभ्यासकांना मात्र हे गाव वेगळ्याच कारणासाठी परिचित आहे. येथील जैन ज्ञानभांडारातील ओघनिर्युक्ती व अन्य ग्रंथांची ताडपत्री पोथी विक्रम संवत 1218 मधली, म्हणजे इसवी सन 1161 ची. सोळा विद्यादेवींची चित्रे असलेली ही पोथी पश्चिम भारतातील चित्रकलेच्या इतिहासात प्रमाण मानली जाते. चित्रांमुळे ती प्रसिद्ध झाली हे खरे. पण अशी प्रत्येक पोथी प्रथम कोणा लेखनिकाने अक्षर अक्षर लावून उतरवलेली असते, आणि अक्षर लावणारा हात चुकतोच.

तो कसा चुकतो, हे हस्तलिखितांच्या अभ्यासकांनी बारकाईने नोंदवले आहे. दोन अक्षरे दिसायला सारखी असली की एकाच्या जागी दुसरे पडते. एकच शब्द दोन ओळींत आला की लेखनिकाची नजर वरच्या ओळीवरून खालच्या ओळीवर घसरते आणि मधला मजकूर गळतो. कधी तोच शब्द दोनदा लिहिला जातो. यांतले काहीही दुष्टाव्याने होत नाही. थकलेले डोळे, मंद दिवा आणि आखडलेली बोटे हीच त्याची कारणे. म्हणून पोथीच्या शेवटी लेखनिक वाचकाची क्षमा मागत असे. समोरच्या प्रतीत जसे दिसले तसे उतरवले, शुद्ध असो वा अशुद्ध, दोष माझा मानू नये, अशा अर्थाचे वचन शेकडो पोथ्यांच्या अखेरीस आढळते.

केवळ क्षमा मागून मात्र ही परंपरा थांबली नाही. तिने दुरुस्तीची पद्धत घालून दिली. गळलेले अक्षर घालायचे असेल तर त्या जागी हंसाच्या किंवा कावळ्याच्या पावलासारखी खूण करायची आणि राहिलेला मजकूर समासात लिहायचा. या खुणेला हंसपद किंवा काकपद म्हणतात. चुकून पडलेले अक्षर काढायचे असेल तर कागदी पोथीत त्यावर हरताळाचा पिवळा लेप द्यायचा. जुन्या कागदाच्या रंगाशी हा रंग मिळून जातो, आणि लेप वाळल्यावर त्यावर योग्य अक्षर लिहिता येते. मराठीत आपण एखाद्या गोष्टीला ‘हरताळ फासला’ असे म्हणतो, तो वाक्प्रचार या लेपावरूनच आला. बोलता बोलता त्याचा अर्थ बिघडवणे, रद्द करणे एवढाच उरला. मूळ कृती मात्र शुद्धीची होती.

हंसपद आणि हरताळ या दोन खुणांत एक मोठे शहाणपण आहे. हंसपद केले की पुढच्या वाचकाला दिसते, येथे काही घातले आहे. हरताळ लावला की पिवळा डाग राहतो, येथे काही पुसले आहे. दुरुस्ती झाली, पण ती लपली नाही. जी दुरुस्ती स्वतःचा माग ठेवते ती शुद्धी, आणि जी माग पुसून टाकते तिच्याविषयी शंका घ्यायला जागा असते. पुढील सर्व विवेचनात हा एकच निकष धरून चालायचे आहे.

मराठी माणसाला याची दुसरी बाजू वेगळी सांगावी लागत नाही. ‘ध चा मा’ ही आख्यायिका घराघरांत पोहोचलेली आहे. दिनांक 30 ऑगस्ट 1773 रोजी पुण्याच्या शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. गारद्यांना दिलेल्या आज्ञेत ‘धरावे’ असे होते, ते आनंदीबाईंनी ‘मारावे’ असे केले, अशी ही कथा. इतिहाससंशोधक तिचा स्वीकार जसाच्या तसा करीत नाहीत. परंतु लोकस्मृतीने ती दोनशे पन्नास वर्षे जपली, यालाही अर्थ आहे. आज्ञा लिहिली जाणे आणि तिची अंमलबजावणी होणे यांच्या मधला काळ हा सर्वांत धोक्याचा, हे त्या कथेने समाजाच्या मनावर बिंबवले. त्या मधल्या काळात प्रामाणिक हात हंसपद करू शकतो आणि अप्रामाणिक हात ‘ध’ चा ‘मा’ करू शकतो. लेखणी तीच, शाई तीच, जागाही तीच. दोघांत फरक पडतो तो अधिकाराने आणि उघडपणाने.

पुस्तकातील चूक आणि कायद्यातील चूक यांतही एक भेद आहे. पुस्तकातील चूक वाचकाला भोवते; तो पाठभेद शोधतो, दुसरी प्रत पाहतो, संदर्भाने अर्थ लावतो. कायद्यातील चूक मात्र बहुधा त्या माणसाला भोवते, ज्याने तो कायदा कधी वाचलेलाच नसतो. त्याला दुसरी प्रत पाहण्याची सोय नसते, कारण राजपत्रात छापली गेलेली प्रत हीच एकमेव प्रत असते. म्हणून कायद्याच्या बाबतीत शुद्धीची वेळ फार महत्त्वाची. शिक्का बसण्यापूर्वी जी चूक शाईच्या एका फटकाऱ्याने सुधारते, तीच शिक्का बसल्यानंतर सुधारायला संसदेची दोन्ही सभागृहे लागतात.

बडोदे संस्थानाला ही जाणीव होती. श्रीमंत सयाजीराव गायकवाड महाराजांच्या कारकीर्दीत येथे कायद्याला ‘निबंध’ असा शब्द रूढ होता. बालविवाहाला आळा घालणारा 1904 चा निबंध, लग्नविच्छेदाचा 1931 चा निबंध ही त्यांतली ठळक नावे. शाळेत ‘निबंध’ लिहिणाऱ्या आजच्या मुलाला हा अर्थ चमत्कारिक वाटेल. पण बांधून ठेवणे, नीट गुंफणे हा मूळ धात्वर्थ कायद्याला किती शोभतो! संस्थानाचे राजपत्र म्हणजे ‘आज्ञापत्रिका’. महत्त्वाच्या निबंधाचा मसुदा तीत प्रसिद्ध करावा, प्रजेच्या सूचना व हरकती ऐकाव्यात आणि मग त्याला कायम रूप द्यावे, अशी वहिवाट होती. छाणीसारख्या जैनबहुल गावांच्या जिव्हाळ्याचा विषय असलेला, अज्ञान मुलामुलींच्या दीक्षेवर निर्बंध घालणारा 1933 चा संन्यासदीक्षेचा निबंध मसुद्याच्या रूपात लोकांसमोर आला तेव्हा त्यावर मोठे वादळ उठले. त्या वादाच्या गुणदोषांत शिरण्याचे येथे कारण नाही. ध्यानात घ्यायचे ते एवढेच की ज्यांना तो कायदा लागू व्हायचा होता, त्यांनी तो कायदा होण्याआधी वाचला होता.

महाराजांनी आणखी एक पाऊल टाकले, आणि ते ग्रंथप्रेमींनी विशेष लक्षात ठेवावे असे आहे. 1931 मध्ये ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ हा राज्यकारभाराच्या परिभाषेचा कोश बडोद्यात प्रसिद्ध झाला. इंग्रजी शब्दासमोर गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी व बंगाली प्रतिशब्द देणारा हा आठ भाषांचा कोश म्हणजे एका परीने चूक होण्यापूर्वीच तिला घातलेला बांध होता. एकाच कल्पनेसाठी तीन कचेऱ्यांतील तीन लेखनिकांनी तीन शब्द वापरले, तर पुढे न्यायाधीश विचारणार की शब्द वेगळे, तर अर्थही वेगळा आहे काय? कायद्यात शब्दाची पुनरुक्ती हा दोष नसून गुण आहे. ललित लेखकाने एकाच परिच्छेदात तोच शब्द दोनदा वापरला तर आपण नाक मुरडतो. कायद्याच्या लेखकाने तो बदलला तर माणसे कोर्टाची पायरी चढतात.

याच संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर 1913 मध्ये एक तरुण अमेरिकेला कोलंबिया विद्यापीठात गेला. 1917 मध्ये तो बडोद्याच्या नोकरीत आला आणि येथे वाट्याला आलेल्या अस्पृश्यतेच्या अपमानामुळे त्याला हे शहर सोडावे लागले. ही बोच बडोदेकरांनी विसरू नये. पुढे हाच तरुण, डॉ. भीमराव आंबेडकर, भारताच्या संविधानाच्या मसुदा समितीचा अध्यक्ष झाला; आणि कायदा होण्यापूर्वीच्या शुद्धीचे या देशातील सर्वांत मोठे उदाहरण त्याच समितीच्या कामात सापडते.

संविधानाच्या मसुद्यावर सुमारे 7,600 दुरुस्त्यांच्या सूचना आल्या. त्यांपैकी 2,473 प्रत्यक्ष सभागृहात मांडल्या गेल्या. कलमे वाढली, गळली, वरखाली झाली. ऑक्टोबर 1949 मध्ये दुसरे वाचन संपले तेव्हा अशी स्थिती होती की एका कलमात दुसऱ्याचा उल्लेख असावा आणि ते दुसरे कलम मात्र आता भलत्याच क्रमांकावर जाऊन बसलेले असावे. हे ओळखून संविधान सभेने आपल्या नियमांतच तरतूद केली होती. दुसरे वाचन संपल्यावर मसुदा पुन्हा समितीकडे जावा. तिने कलमांचे क्रमांक नव्याने लावावेत, विरामचिन्हे तपासावीत, समासातील टिपा पूर्ण कराव्यात. आणि याखेरीज ज्या औपचारिक, आनुषंगिक किंवा आवश्यक दुरुस्त्या वाटतील त्यांची शिफारस सभागृहाला करावी. या रचनेत पोथीशाळेचे शहाणपण दिसते. क्रमांक आणि स्वल्पविराम समितीने स्वतः सुधारावेत. अर्थाला स्पर्श होण्याची शक्यता असेल तेथे मात्र केवळ शिफारस करावी आणि निर्णय सभागृहावर सोपवावा.

तरीही वाद झालाच. 14 नोव्हेंबर 1949 पासून सुधारित मसुद्याचा विचार सुरू झाला, तेव्हा समितीने औपचारिक दुरुस्तीच्या नावाखाली काही ठिकाणी मर्यादा ओलांडली, असा आक्षेप सभासदांनी घेतला. ‘आवश्यक’ या शब्दाची व्याप्ती किती, यावर खल झाला. हा वाद क्षुल्लक होता असे कोणी समजू नये. शुद्धी करणाऱ्यालाही विचारणारा कोणीतरी असावा, या तत्त्वाचा तो वाद होता.

या सभागृहात बंगालचे नझिरुद्दीन अहमद नावाचे एक सभासद होते. स्वल्पविराम, आद्याक्षरे, शब्दांची जुळणी यांवर त्यांनी इतक्या दुरुस्त्या सुचवल्या की त्यांचे नाव निघताच सभागृहात स्मित उमटावे. मसुदा समितीच्या ‘ड्राफ्टिंग’ या इंग्रजी नावातील एक स्वर बदलून त्यांनी तिला ‘ड्रिफ्टिंग’ म्हणजे वाहवत जाणारी समिती ठरवले. 25 नोव्हेंबर 1949 च्या समारोपाच्या भाषणात डॉ. आंबेडकरांनी या टोमण्याची दखल घेतली. समिती वाहवत गेली असेल तर ती परिस्थितीवर पकड ठेवूनच. कोणता मासा हवा हे ठाऊक असताना ओळखीच्या पाण्यात ती तो शोधत होती, अशा आशयाचे मिस्किल उत्तर त्यांनी दिले. त्याच भाषणात मुख्य मसुदालेखक एस. एन. मुखर्जी यांचा त्यांनी गौरव केला. गुंतागुंतीचा विचार सोप्या व नि:संदिग्ध कायदेशीर भाषेत मांडण्याचे त्यांचे कौशल्य आणि त्यांचे अविश्रांत कष्ट यांचे ऋण अध्यक्षाने सर्वांसमक्ष मान्य केले. ज्या लेखनिकांची नावे पोथीच्या शेवटच्या पानावर कोपऱ्यात राहतात, त्यांच्या वंशातील एकाचे नाव या वेळी सभागृहाच्या कामकाजात नोंदले गेले.

आजची संसदही हीच वाट चालते. विधेयक सादर होते तेव्हा छपाईतील चुका आढळल्यास त्यासोबत शुद्धिपत्र वाटले जाते. विधेयक एका वर्षी सादर होऊन दुसऱ्या वर्षी मंजूर होत असेल तर नावातील वर्ष आणि प्रारंभीच्या सूत्रातील प्रजासत्ताकाचे कितवे वर्ष हा आकडा, दोन्ही बदलावे लागतात. एवढ्याशा बदलासाठीही मंत्र्याला रीतसर दुरुस्ती मांडावी लागते आणि सभागृहाचे मत घ्यावे लागते. बाहेरून पाहणाऱ्याला हा सोपस्कार हास्यास्पद वाटतो. परंतु सभागृहाने जो शब्द संमत केला तो सभागृहाला विचारल्यावाचून बदलू नये, हा त्यामागचा दंडक आहे. विधेयक मंजूर झाल्यावर लोकसभेच्या नियमांनी अध्यक्षांना जो अधिकार दिला आहे, तोही अगदी मोजका आहे: उघड दिसणारी चूक सुधारणे, आणि स्वीकारलेल्या दुरुस्त्यांच्या ओघाने जे बदल अपरिहार्य होतात तेवढेच करणे. यानंतर विधेयक राष्ट्रपतींच्या संमतीसाठी जाते. ती मिळाली की दार बंद.

दार बंद झाल्यावर चूक लक्षात आली तर काय होते, याची काही उदाहरणे पाहू.

पहिले उदाहरण दूरचे आहे. अमेरिकेच्या 1872 च्या जकात कायद्यात लागवडीसाठी आणलेल्या फळझाडांच्या रोपांना करमाफी द्यायची होती. मूळ इंग्रजीत ‘फळ’ आणि ‘रोपे’ हे शब्द जोडून यायचे; लेखनिकाने मध्ये स्वल्पविराम दिला. झाले, फळेही करमुक्त आणि रोपेही करमुक्त! ही चूक सुधारेपर्यंत सरकारी खजिन्याला सुमारे वीस लाख डॉलरचा फटका बसला. येथे नुकसान पैशाचे झाले; पैसा परत मिळवता येतो.

दुसरे उदाहरण आपल्या देशातले आणि अगदी अलीकडचे आहे. अमली पदार्थविषयक 1985 च्या कायद्यात 2014 साली दुरुस्ती झाली. व्याख्यांच्या कलमात एक नवी व्याख्या घालण्यात आली, त्यामुळे तेथील जुन्या व्याख्येचे उपक्रमांकाचे अक्षर एकाने पुढे सरकले. परंतु अवैध व्यापाराला पैसा पुरवणाऱ्यास आणि गुन्हेगाराला आसरा देणाऱ्यास किमान दहा वर्षांची शिक्षा सांगणारे जे कलम 27-अ, त्यात जुन्या अक्षराचाच उल्लेख राहून गेला. परिणामी शिक्षेचे कलम अशा व्याख्येकडे बोट दाखवू लागले, जिचा त्या गुन्ह्याशी काही संबंध नव्हता. ही दुरुस्ती 1 मे 2014 पासून अमलात आली. त्रिपुरात एका आरोपीच्या वतीने न्यायालयात हा मुद्दा उपस्थित झाला, की कलम ज्या यादीकडे बोट दाखवते ती यादीच तेथे नाही, तर गुन्हा कोणता? 2021 मध्ये त्रिपुरा उच्च न्यायालयाने केंद्र सरकारला ही चूक सुधारण्यास सांगितले. 30 सप्टेंबर 2021 रोजी वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात संसदेने तो कायद्यात उतरवला. तोही 2014 पासून लागू असल्याचे धरून. तेव्हा संसदेत प्रश्न विचारला गेला की संविधानाचा अनुच्छेद 20 कृत्याच्या वेळी अमलात नसलेल्या कायद्याने शिक्षा करण्यास मनाई करतो, मग मागील तारखेपासून केलेली ही दुरुस्ती न्याय्य कशी? सरकारचे म्हणणे असे की ही नवी शिक्षा नव्हे, जुन्याच हेतूचे स्पष्टीकरण आहे. वाद कोणत्याही बाजूने सुटो. एका अक्षराचा उल्लेख बदलायचा राहिला म्हणून सात वर्षे एक गंभीर कलम लटकत राहिले आणि तुरुंगाच्या दाराशी उभ्या असलेल्या माणसाला आपण आत आहोत की बाहेर, हे ठरवता येईना. मसुदा तपासताना हंसपदाची एक खूण पुरली असती.

तिसरे उदाहरण महाराष्ट्राच्या काळजाला भिडणारे आहे. महाराष्ट्रातील अनुसूचित जमातींच्या यादीत 36 व्या क्रमांकावर ‘ओरांव, धनगड’ अशी नोंद आहे. यातील ‘धनगड’ म्हणजे वस्तुतः ‘धनगर’च, इंग्रजीत लिहिताना ‘र’ च्या जागी ‘ड’ आला, असे धनगर समाजाच्या संघटनांचे अनेक वर्षांचे म्हणणे आहे. उलट, ही चूक नसून धनगड ही वेगळी जमात आहे, असे आदिवासी संघटनांचे तितकेच ठाम प्रतिपादन आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने यासंबंधीच्या याचिका फेटाळल्या. त्याआधी 2000 साली हलबा-कोष्टी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असा दंडक घालून दिला होता की राष्ट्रपतींच्या आदेशातील नोंद जशी आहे तशीच वाचायची. तीत भर घालणे किंवा तिचा अर्थ विस्तारणे हे न्यायालयाचे काम नव्हे. अनुच्छेद 342 नुसार हा अधिकार केवळ संसदेचा. कोणाचा पक्ष बरोबर, हे सांगण्याचे हे व्यासपीठ नाही. पण या वादाचे स्वरूप पाहण्यासारखे आहे. ‘ही चूक आहे’ आणि ‘ही चूक नाही’ या दोन्ही विधानांमागे लाखो माणसांचे भवितव्य उभे आहे. आणि ज्या दिवशी ती नोंद लिहिली गेली त्या दिवशी तो प्रश्न कोणी उघडपणे विचारून त्याचे उत्तर तेथेच नोंदवून ठेवले असते, तर दोन गरीब समाज आज समोरासमोर उभे ठाकले नसते. संशयास्पद वाटणारी प्रत्येक नोंद ही चूक नसते. आणि म्हणूनच, चूक आहे की नाही हे ठरवण्याची योग्य वेळ मसुद्याची असते.

चौथे उदाहरण थोडे आशादायक. छत्तीसगडमध्ये पण्डो नावाची एक जमात आहे. तिचे नाव यादीत होते. परंतु देवनागरीत ते कोणी एका तऱ्हेने लिही, कोणी दुसऱ्या. भारिया-भूमिया समाजातील भुईंया, भुइयां, भूयां अशा नावांचीही तीच गत. महसुली दप्तरात तलाठ्याने बापाच्या नावापुढे जे रूप लिहिले ते यादीतील रूपाशी जुळले नाही, तर मुलाला जमातीचा दाखला नाकारला जाई. अर्ज करणारा खरा, जमात खरी, गरज खरी. खोटे काय ते अनुस्वार आणि वेलांटी! अखेर 2023 मध्ये संसदेने त्या राज्याच्या यादीत ही रूपे समाविष्ट केली. ज्या मुलांचे प्रवेशाचे वय दरम्यान निघून गेले, त्यांना मात्र या दुरुस्तीने ती वर्षे परत दिली नाहीत.

या चारही उदाहरणांवरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. एक, लेखनदोष ही लहान गोष्ट नव्हे. तो जितका लहान, तितका नजरेतून सुटण्याचा संभव अधिक. मोठी चूक स्वतः ओरडून सांगते. वेलांटी गप्प बसते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. दोष सुधारण्याचा अधिकार फार सैल ठेवला तर शुद्धीच्या पडद्याआड ‘ध’ चा ‘मा’ होऊ शकतो. तो फार आवळला तर उघड दिसणारी चूकही कायदा बनून बसते. या दोहोंतील मार्ग पोथीशाळेने दाखवला आहे: दुरुस्ती जरूर करावी, पण ती शिक्का बसण्यापूर्वी करावी, अधिकार असलेल्याने करावी, आणि पिवळा डाग दिसेल अशी करावी.

मराठी भाषकांच्या दृष्टीने याला आणखी एक पदर आहे. महाराष्ट्राच्या विधिमंडळात मराठी विधेयके येतात. संविधानाच्या अनुच्छेद 348 अन्वये, राज्याचा कायदा प्रादेशिक भाषेत झाला असला तरी राज्यपालांच्या प्राधिकाराने प्रसिद्ध झालेला त्याचा इंग्रजी अनुवाद हाच प्राधिकृत पाठ मानला जातो. म्हणजे मराठी माणूस जो पाठ वाचतो त्याहून न्यायालय जो पाठ वाचते तो वेगळा असू शकतो. येथे चुकीला दोन दारे आहेत, एक लेखनाचे आणि एक अनुवादाचे. मराठी पाठ आणि इंग्रजी पाठ शेजारी शेजारी ठेवून वाचणारा वाचक त्यामुळे दुहेरी उपयोगाचा ठरतो. ज्या घरांत पिढ्यान् पिढ्या मराठी बोलून गुजरातीत व्यवहार केला जातो, त्या बडोद्याच्या मराठी घरांना दोन भाषांतील अर्थाच्या या सरकण्याचे वेगळे स्पष्टीकरण नको.

येथे ग्रंथालयाचा संबंध येतो. बडोदे संस्थानाने 1910 च्या सुमारास विल्यम अ‍ॅलन्सन बॉर्डन यांना अमेरिकेतून बोलावून सार्वजनिक ग्रंथालयांचे जाळे विणण्यास आरंभ केला, तेव्हा गावोगावच्या वाचनालयांत कथा-कादंबऱ्यांबरोबर राज्यकारभाराची माहितीही पोहोचावी, प्रजा वाचती व्हावी, हा हेतू होता. 1906 मध्ये सबंध संस्थानात सक्तीचे प्राथमिक शिक्षण लागू करणाऱ्या राजाला हे ठाऊक होते की वाचू न शकणाऱ्या प्रजेसमोर मसुदा प्रसिद्ध करणे म्हणजे नुसता देखावा. केंद्र सरकारनेही 2014 मध्ये असे धोरण ठरवले की कायद्याचा मसुदा विधेयक होण्यापूर्वी किमान 30 दिवस जनतेच्या सूचनांसाठी खुला ठेवावा. हे धोरण आहे. सर्वच मसुद्यांच्या बाबतीत ते पाळले जात नाही. पण पाळले गेले तरी एक प्रश्न उरतोच: त्या तीस दिवसांत तो मसुदा वाचतो कोण?

पुस्तक छापण्यापूर्वी मुद्रिते तपासली जातात, तेव्हा अनुभवी मुद्रितशोधक एक पथ्य पाळतो. ज्याने मजकूर लिहिला त्याने तो एकट्याने तपासू नये; लिहिणाऱ्याचा डोळा जे लिहायचे होते तेच वाचतो, जे लिहिले गेले ते वाचत नाही. परक्या डोळ्याला चूक आधी दिसते. कायद्याच्या बाबतीत हा परका डोळा म्हणजे नागरिकाचा डोळा. ज्याला त्या कलमाखाली अर्ज करायचा आहे, ज्याच्या शेतावरून ती हद्द जाणार आहे, ज्याच्या मुलाचे नाव त्या यादीत यायचे आहे, त्याच्याइतक्या काळजीने ती ओळ दुसरे कोणी वाचणार नाही. नझिरुद्दीन अहमद यांच्या स्वल्पविरामांना संविधान सभा हसली, पण तिने त्यांना बोलू दिले. आणि पुस्तकाच्या शुद्धतेची चाड असलेला प्रत्येक वाचक त्यांचा नातेवाईक आहे.

शंभर वर्षे या ग्रंथालयाने वाचक घडवले. पानाच्या समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात ‘येथे शब्द गळला आहे’ असे लिहून ठेवणारे सभासद प्रत्येक जुन्या ग्रंथालयाला ठाऊक असतात. ग्रंथपाल त्यांच्यावर रागावतात, आणि पुस्तकावर लिहू नये हे खरेच. पण ती चिकित्सक सवय वाया जाऊ देऊ नये. येत्या काळात वाचनकक्षाच्या एका मेजावर राजपत्र आणि लोकांसाठी खुले झालेले मसुदे ठेवले जावेत, महिन्यातून एकदा दोन-चार सभासदांनी एकत्र बसून त्यांतला एखादा मसुदा मोठ्याने वाचावा, आणि खटकलेली जागा रीतसर पत्राने कळवावी, एवढा संकल्प शताब्दीच्या निमित्ताने झाला तरी तो या वास्तूला शोभून दिसेल. त्यासाठी वकिलीची सनद लागत नाही. लागतो तो संथपणे, अक्षर अक्षर लावून वाचण्याचा सराव. आणि तो देण्यासाठीच ग्रंथालये असतात.

छाणीच्या पोथीतील त्या अज्ञात लेखनिकाने पुढल्या वाचकावर विश्वास ठेवला होता. आपल्या हातून काही राहिले असेल तर ते पाहणारा, हंसपद करून समासात भरणारा कोणीतरी येईल, या भरवशावर त्याने बोरू खाली ठेवला. कायदा लिहिणाऱ्यालाही असा वाचक हवा असतो. फक्त तो शिक्का बसण्यापूर्वी यायला हवा.